मामांची घंटा आणि माझं यंत्र

माझे मामा सरकारी शाळेत शिपाई आहेत. एकोणचाळीस वर्षं आपण एकच काम केलं, असं ते सांगतात: पोरं आत घेणं. मी इंजिनियर आहे. माझं काम मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही, आणि आई म्हणते की त्यातच सगळं आलं.

मामा नोकरीला लागले तेव्हा शाळा म्हणजे धान्याच्या गोदामाचा अर्धा भाग होता. एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी आणि घंटा म्हणून दारात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. शिक्षण सक्तीचं झाल्याचा कागद वरून आला होता, पण सक्ती करायला माणूस एकच होता, तो म्हणजे मामा. ते सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे. पोर कामाला हवं म्हणून आया त्याला माळ्यावर लपवायच्या. मामा दारात बसून शांतपणे पाणी मागायचे. पाणी पिऊन होईपर्यंत माळ्यावरचं पोर हमखास शिंकायचं.

पुढे मुलींनाही पाठवा असं सांगण्यात आलं. मुलींचं दार वेगळं हवं, म्हणून काही बाप अडून बसले. मामांनी भिंत फोडून दुसरं दार बसवलं. दोन्ही दारं त्याच एका खोलीत उघडत, पण बापांचं समाधान झालं. मग पुस्तकं फुकट मिळू लागली, दुपारचं जेवण शाळेत शिजू लागलं, चौथीपर्यंतची शाळा सातवीपर्यंत गेली, खोल्या पाच झाल्या. आणि पाचव्या खोलीचा रंग वाळतो न वाळतो तोच खाजगी शाळेच्या पिवळ्या गाड्या दारोदार येऊ लागल्या. ज्यांना मामांनी माळ्यावरून उतरवलं होतं, त्यांचीच नातवंडं टाय लावून त्या गाड्यांत बसली.

आता पटावर एकवीस मुलं उरली होती. वीसच्या खाली हजेरी भरली, तर शाळा सहा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत विलीन होणार होती. एकवीसपैकी आठ मुलं कालव्यापलीकडच्या वीटभट्टीवरची. सहा किलोमीटर ती जाणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तपासणीचे साहेब सोमवारी येणार होते.

अशा वेळी भाच्यानं काय करावं? मी शाळेला स्वयंचलित घंटा भेट दिली.

शाळा आधुनिक दिसली पाहिजे, असा माझा मुद्दा होता. रविवारी मी ती व्हरांड्याच्या भिंतीवर बसवली आणि मुख्याध्यापिका बाईंना व मामांना गुण समजावून सांगितले. बरोबर साडेदहाला वाजते. सेकंदाचाही फरक नाही. वीज गेली तरी बॅटरीवर चालते. कुणी छेडछाड करू नये म्हणून पासवर्ड आहे. वाजली की पूर्ण एक मिनिट वाजते. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिला दिसतं का?"

मी हसलो. घंटेला कशाला दिसायला हवं?

सोमवारी सव्वादहालाच साहेब आले. त्यांनी बाईंना नियम सांगितला: घंटा झाली की मोजणी, नंतर येईल तो गैरहजर. अंगणात तेव्हा बारा मुलं होती. एक तापानं घरी होता. बाईंचा चेहरा उतरला, आणि मला अजूनही काही कळलं नव्हतं.

मामांनी मला कोपऱ्यात घेतलं. भट्टीवर पाण्याचा टँकर दहाला येतो, पोरं हंडे भरून मग निघतात. इतकी वर्षं मामा पायरीवर उभं राहून कालव्याच्या बांधाकडे बघायचे आणि शेवटचं डोकं दिसलं की रुळावर टोला घालायचे. शाळा त्या टोल्यानं भरायची.

"हे तुझं थांबव," ते म्हणाले.

"पासवर्ड लॅपटॉपमध्ये आहे, मामा."

"आणि लॅपटॉप?"

"घरी."

मामांनी फ्यूज काढला. घंटेच्या डब्यावरचा हिरवा दिवा जळतच राहिला. बॅटरी मी चांगल्या प्रतीची घातली होती. मग त्यांनी डबाच भिंतीवरून उपटला, दोन सतरंज्यांत गुंडाळला आणि कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपात घालून झाकण लावलं.

साडेदहाला पिंप वाजू लागलं. आवाज बारीक होता, पण होता.

"कुणाचा तरी फोन वाजतोय," साहेब म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून मोबाईल काढून कानाला लावला आणि हॅलो म्हणालो. पिंप वाजतच राहिलं, त्यामुळे पुन्हा हॅलो म्हणालो. रेंज नाही, असं साहेबांना सांगत सांगत अंगणभर फिरलो. एक मिनिट किती मोठं असतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर साहेबांनी मामांना विचारलं, "शाळा भरली नाही का अजून?"

"घंटा झाली नाही, साहेब."

साहेब खुर्चीत बसले. बाईंनी पाणी दिलं. मामा पायरीवर हातोडी घेऊन उभे होते, नजर बांधावर. बऱ्याच वेळानं एक डोकं दिसलं, मग तीन, मग एकदम सगळी, धावत. शेवटची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फाटकात शिरली आणि मामांनी टोला घातला. मोजणी झाली. वीस.

साहेबांनी हातातलं घड्याळ पाहिलं. "दहा बेचाळीस. शाळेचं घड्याळ मागे आहे वाटतं?"

"इथं घंटेवर घड्याळ लावतात, साहेब," मामा म्हणाले.

साहेबांनी एकदा त्या मुलीच्या ओल्या बाहीकडे पाहिलं आणि कागदावर वीस लिहून सही केली.

त्या दिवशी मी मामांना म्हणालो, साधी गोष्ट आहे, तुम्ही किती मिनिटं थांबता ते सांगा, प्रोग्रॅममध्ये घालतो.

"मिनिटं कोण मोजतं?" ते म्हणाले. "मी पोरं मोजतो."

मामा मार्चमध्ये निवृत्त होतात. बाईंनी परवा मला विचारलं, त्या पायरीवरून तुम्हाला बांध नीट दिसतो का? मी पाहून आलो. चष्मा लावला तर दिसतो. डबा अजून पिंपातच आहे आणि रोज साडेदहाला वाजतो. मुलांना वाटतं, माझा फोन आहे.