आधी हातमोजे

आरा मशीन चालू असली की फोन ऐकू येत नाही. म्हणून ती बातमी घेऊन माझी बायको स्वतःच लकडगंजात आली. सागाचा ओंडका अर्धा चिरून झाला होता. ती फाटकात उभी दिसली आणि मी मशीन बंद केली. तिला काही बोलावंच लागलं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ताई गेली होती आणि नर्स तिच्या हातातली सलाइनची सुई काढत होती. सुई निघाली तसं थोडं रक्त ओघळलं आणि चादरीवर आलं. मी नर्सकडे हातमोजे मागितले, ते घातले आणि ताईचा हात पुसला. मागे आमच्या आत्या उभ्या होत्या. त्यांना ते सहन झालं नाही. सख्ख्या बहिणीच्या रक्ताला हातमोजे कशाला, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, हे लकडगंजात कोणालाही विचारा. पण उत्तर लांबलचक होतं, आणि ते माझं नव्हतं, ताईचं होतं…

शशिकलाताई माझी मोठी बहीण. नंदनवनातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. कॅन्सर आणि एड्स हे दोन धडे तिच्याकडेच असत, कारण ते शिकवताना बाकीच्या मास्तरांची बोबडी वळायची. रोग कसा लागतो ते सांगायची वेळ आली की ते फळ्याकडे तोंड करत. ताई मुलांकडे तोंड करून सांगायची. सक्करदऱ्याच्या घरी मी जेवायला गेलो की मलाही शिकवायची, मी कंटाळलो तरी. शरीरातल्या प्रत्येक पेशीला कधी मरायचं याचा हुकूम असतो, ती सांगायची. जी तो हुकूम पाळत नाही आणि वाढतच राहते, तिच्यापासून कॅन्सर. तो काही बाहेरून आलेला चोर नाही, आपल्याच घरातलं न ऐकणारं पोरगं आहे. एड्सचा विषाणू मात्र बाहेरचा. तो शिरतो तो थेट पहारेकऱ्याच्याच अंगात, त्याच्याच चुलीवर आपली भाकर भाजतो आणि शेवटी त्याला मारतो. पहारेकरी मेले की मग साधा खोकलासुद्धा माणसाला घेऊन जातो. पण तो विषाणू हवेतून येत नाही, हात मिळवून येत नाही, एका ताटात जेवून येत नाही. शरीरसंबंधातून येतो, आईकडून बाळाला येतो, आणि रक्ताला रक्त लागलं तर येतो. हे वाक्य ती दरवर्षी मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची.

आणि ते वाक्य पाठ असलेल्या मुलांनीच तो प्रकार केला.

तिच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, ताई परत येऊन थोबाडीत देईल. हुशार, अबोल, दुपारी ठरावीक वेळी डबीतून गोळी काढून घेणारा. कोणीतरी ती डबी पाहिली आणि वर्गात कुजबूज सुरू झाली. काही दिवसांनी रक्तगट तपासायचं प्रॅक्टिकल आलं. प्रत्येकानं आपल्या बोटाला नव्या सुईनं टोचून थेंब काढायचा होता. त्या मुलानं बोट टोचायला नकार दिला. झालं, पंचांचा निकाल लागला. प्रॅक्टिकल संपल्यावर वर्गातल्या तिघांनी त्याला प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यात गाठलं. सांगितलं का नाहीस, आमच्यासोबत डबा खाल्लास, असं म्हणत त्याला मारलं. नुसतं ढकललं-बिकललं नाही. नाकाचं हाड मोडलं, वरचा ओठ दातावर फाटला, तो खाली पडल्यावर छातीत लाथा घातल्या. बाकीचा वर्ग भिंतीला चिकटून बघत राहिला.

ताईचा फोन आला तेव्हा मी मशीन बंद करून चहा पीत होतो. ती एवढंच म्हणाली, "गाडी घेऊन ये. याले कोणी रिक्षात घेऊन नाई राहिलं." माझी माल वाहायची गाडी घेऊन गेलो. जिन्यात पाहतो तर पायऱ्यांवर रक्त, भिंतीवर हाताचा लाल पंजा उमटलेला, आणि ताई हातमोजे घालून त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. तिघं मारणारे कोपऱ्यात. त्यांच्या मुठींची सालटं निघाली होती, एकाच्या बोटात तर दाताची खूण खोल गेली होती. हात कोपरापर्यंत माखलेले. कोणाचं रक्त कुठलं, हे सांगायची सोय नव्हती.

मी गाडीतली फळी काढली होती. खोटं कशाला बोलू, त्या तिघांची हाडं मोजायचा माझा पक्का विचार होता. ताई ओरडली नाही. ती त्या तिघांना म्हणाली, "रोग हातानं लागत नाई, रक्ताले रक्त लागून लागते. म्हणून घेतलं होतं ना तुमच्याकडून? मंग आपले हात पाहा." तेव्हा कुठे त्यांनी आपले हात पाहिले. त्यातला सगळ्यात दांडगा जो होता तो पायरीवरच बसला आणि त्याला उलटी झाली. ज्या एका दारातून भय आत येऊ शकत होतं, ते दार त्यांनी आपल्याच मुठींनी फोडलं होतं.

ताईनं त्यांचे हात नळाखाली साबणानं धुवायला लावले. मग मार खाल्लेला मुलगा पुढे माझ्याशेजारी आणि ते तिघं मागे, सागाच्या फळ्यांवर, अशी आमची वरात मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे तिघांना लागण टाळायची औषधं लगेच सुरू झाली. अशी औषधं जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, आणि पुढे महिनाभर रोज घ्यावी लागतात, हे ताईला माहीत होतं. पण तिघांना एकच गोष्ट हवी होती. त्याला आहे की नाही, ते सांगा. ताई म्हणाली, डॉक्टर त्याला विचारतील, एकट्याला, पडद्यामागे. तुम्हाला कोणी सांगणार नाही.

इथून खरी मारामारी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तिघांचे बाप ताईच्या घरी आले. गोळ्यांनी पोरांना मळमळत होतं, झोप नव्हती, घरात रडारड. त्यांना फक्त हो किंवा नाही ऐकायचं होतं. ताई दारातच उभी राहून सांगत होती, की उत्तर काहीही असलं तरी गोळ्या पूर्ण करायच्याच आहेत, मग ते तुम्हाला कशाला पाहिजे? एकानं तिचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. कोणीतरी खिडकीवर वीट घातली. शेजाऱ्यांनी मला कळवलं आणि मी मशीनवरची माणसं घेऊन धावलो. तोवर ते पळाले होते. ताई ओट्यावर बसलेली, कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्तानं मिटलेला. मी तिच्या कपाळावर रुमाल दाबायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. "आधी हातमोजे. फडताळात आहेत."

मी पेटलोच. म्हटलं, "काहून वं ताई? आपल्या बाबाले लोक वरून पाणी वाढत होते, विटाळ होईल म्हणून. अन् तू मले तुह्या रक्ताले हात लावू नाई देत?"

आमचे बाबा लहानपणी बाजारात तहान लागली की ओंजळ धरून उभे राहत, आणि लोक हात उंच करून पाणी सोडत. पुढे छप्पन्न साली आजोबांच्या खांद्यावर बसून ते धम्मदीक्षेला गेले. ही गोष्ट आम्ही भावंडांनी भाकरीसोबत खाल्ली आहे. मला त्या हातमोज्यांत तेच उंचावरचं पाणी दिसत होतं.

ताई ओठांवर आलेलं रक्त पुसून बोलली. "विटाळ म्हणजे याले हात लावाचा अन् त्याले नाई, हे ठरवणं. मी काई ठरवत नाई. त्या पोराले घातले, तुह्या रक्ताले घालीन, तूबी माह्या रक्ताले घाल. सगळ्यायले सारखे. मंग कोणाले विचारावंच लागत नाई का तुले काय आहे."

मी हातमोजे घातले आणि पट्टी बांधली. रागात बांधली, वाकडीतिकडी झाली. पोलिसांत तिनं तक्रार दिली ती फक्त आपल्या कपाळाची. मुलाची नाही, कारण तो नको म्हणाला. तिघांच्या पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. त्या मुलाला कॉलेज सोडायला लावा म्हणून बैठक झाली, तिथे ताई टाके घातलेलं कपाळ घेऊन बसली आणि तो विषय तिथेच मिटला. तो परीक्षेला बसला, पास झाला, आपल्या वाटेनं गेला. कपाळ फुटल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ताई माझ्या मशीनवर आली आणि पात्याच्या बाजूला, खांबाच्या खिळ्यावर, हातमोज्यांचा डबा टांगून गेली.

मग काही वर्षांनी तिच्याच पेशींनी हुकूम पाळायचं सोडलं. छातीत गाठ. कापलं, किरणांनी जाळलं, शिरेतून विष सोडलं. एवढी मारहाण तिला त्या बापांनीसुद्धा केली नव्हती. छातीवरची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी सोलून यायची आणि ती मला समजावत असायची की हे औषध भरभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारतं, म्हणून केस गेले, म्हणून तोंड आलं. मला ते ऐकवत नव्हतं. देवाधर्माला शिव्या द्यायची आमच्यात सोय नाही, म्हणून मी डॉक्टरांना देत होतो. ती मला गप्प करायची.

शेवटच्या भेटीत मी तिला विचारलं. इतकी वर्षं पोटात होतं. म्हटलं, "ताई, आता तरी सांग. त्या पोराले होतं का?"

तिनं डोळे उघडले. "तुले त्याच्यासंग जेवाले बसाचं आहे का?"

"हो."

"मंग माहीत असाची गरज नाई. अन् बसाचं नसंल, तर सांगून फायदा नाई."

आणि वर हसली. ओठ फुटले होते, हसल्यावर त्यातून रक्त आलं. मी उशाजवळचा हातमोज्यांचा डबा ओढला…

ताईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, तो मुलगा आला. अंगानं भरलेला, नाक किंचित वाकडं, सोबत बायको आणि छोटी मुलगी. वंदना झाल्यावर पंगत बसली तेव्हा मी मुद्दाम त्याच्या शेजारची जागा धरली. तो बराच वेळ भात नुसता चिवडत होता. मग म्हणाला, "काका, मॅडमनं तुमाले माह्याबद्दल कदी सांगतलं का? तुमाले तं माहीत असाले पाह्यजे. मले…"

"नाई सांगतलं," मी त्याला थांबवलं. "अन् तूबी सांगू नको. वरण घे."

त्यानं मान खाली घातली आणि वरण घेतलं. त्याचे डोळे पत्रावळीत गळत होते आणि माझेही. ताईनं त्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं होतं, आणि मला त्याच्यासोबत फक्त जेवायचं होतं. तेवढं मला जमलं.

परवा मशीनवर एका नव्या कामगाराचं बोट पात्याला लागलं. फार खोल नाही, पण रक्ताची धार लागली आणि भुसा लाल झाला. मी खिळ्यावरचा डबा काढला आणि हातमोजे चढवू लागलो. त्याचा चेहरा पडला. हात मागे घेत तो म्हणाला, "मालक, मले काई रोग नाई."

म्हटलं, "मलेबी नाई. हात पुढं कर."