राजूचा ओवा

पाणी घातल्याशिवाय जगात काही उगवतं, हे माझ्या मामीला उभ्या जन्मात पटलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत तिचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, कधी फसले नाहीत. ज्यांची रोपं पिवळी पडत, ते रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत तिच्याच दारात येत. रोपांच्या पेंढ्या देता देता मामी हमखास टोला हाणायची, "पान्याची कंजूशी केली असन. पानी देल्लं का सब उगवते." माणसांनाही तोच न्याय. दारात आलेल्याच्या हाती आधी पाण्याचा गडवा, मग नावगाव.

मामांच्या मागे तिला एकच आधार, तिचा मुलगा राजू. तो पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. एका दिवाळीला त्याने थाइमच्या, हॉटेलात पिझ्झा-सूपवर भुरभुरतात त्या विलायती पाल्याच्या, बियांची पुडी आणली. सोबत वाळलेली थोडी पानं होती, ती मामीने चुरगाळून हुंगली आणि म्हणाली, "हा तं ओवाच आहे." तेव्हापासून आमच्या घरात थाइमचं नाव राजूचा ओवा. राजू तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "माय, हे जगव. हे जगलं का मी नोकरी सोडून घरी येतो. भंडाऱ्यात आपलं हॉटेल टाकू." तो बोलून गेला लाडात. मामीने मात्र ते पदराला गाठ मारून ठेवलं.

धानाचं बी आमच्याकडे रात्रभर भिजवतात, पोत्यात दाबून ठेवतात आणि मोड आले की चिखलात फेकतात. मामीने राजूच्या ओव्याचं तेच केलं. ते बी मोहरीहून बारीक, निव्वळ धूळ. भिजवलं तसं फडक्यालाच चिकटून बसलं. मग तिने ते फडकंच चिखलाच्या वाफ्यात पिळलं आणि वर बोटभर पाणी साठवलं. मी भंडाऱ्याहून गेलो होतो. वाफा पाहून मला हसू आवरेना. "मामी, रोवणा कधी करतेस मग?" ती हसली नाही. रोज सकाळी त्या चिखलात वाकून बघायची. उगवलं काहीच नाही.

होळीला राजू आला तो थाइमच्या फांद्या ओल्या कपड्यात गुंडाळून घेऊन. चार बोटं लांबीच्या, खालची पानं काढलेल्या. रेतीत खोचून दिल्या आणि गेला. आठवड्यात त्यांतल्या बहुतेक काळ्या पडल्या. मामीने रडत फोन लावला. मी शेजारीच होतो.

"माय, पानी किती घालतेस?"

"सकाळ-संध्याकाळ. दुपारी ऊन लागते म्हून अजून एकदा."

"अवं, त्याले तहानलेलं ठेव. माती कोरडी झाली का मगच घोटभर."

"लेकराले तहानलेलं ठेवते का कोनी?" मामी फोनवर ओरडली.

पण ठेवलं. जगलेली एकच फांदी मी भोकं पाडलेल्या फुटक्या घमेल्यात, मुरूम आणि रेती मिसळून लावून दिली. मामी गडवा घेऊन तिच्यापर्यंत जायची, मातीत बोट घालून पाहायची आणि तशीच परत फिरायची. "हात वळवळून राह्यले माहे, बापू," मला म्हणायची, "पन पोराचं आयकलं पायजे." पावसाळ्यात घमेलं ओसरीत घेतलं. फांदीला फुटवे आले, घमेलं भरलं. जाता-येता त्यावरून हात फिरवून ती तळवा हुंगायची आणि व्हिडिओ कॉलवर राजूला दाखवायची. "जगलं पाय. आता ये." तो म्हणायचा, "येतो ना माय. दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, सीझन संपू दे म्हणाला. मग नवा साहेब आला म्हणाला. मामी कधी रागावली नाही. ओव्याची वाढलेली टोकं तेवढी खुडत राहिली, म्हणजे तो दाट होतो असं त्यानेच सांगितलं होतं.

राजू आला तो ॲम्ब्युलन्समधून. डेंग्यूचा ताप अंगावर काढला, डॉक्टरकडे गेला तेव्हा उशीर झाला होता. सोबत आलेला त्याचा मित्र साधा पोरगा. मामीने विचारलं ते त्याने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. राजू खोलीत एकटाच पडला होता. मित्र कामावरून परतला तेव्हा राजूचे ओठ फुटले होते, आणि तो सारखा पाणी मागत होता. मी त्या पोराचा हात दाबला, पण शब्द सुटून गेले होते.

तेरवीनंतर गेलो तेव्हा मामी ओसरीत बसली होती. समोर ते घमेलं, आणि ती त्यात गडव्याने पाणी ओतत होती. भोकं चिखलाने बुजली होती. पाणी काठापर्यंत आलं होतं, पानं काळी पडून त्यावर तरंगत होती. मला ते पाहवेना.

"मामी, मरून जाईल गं ते."

तिने मान वर केली नाही. "पोरानं सांगतलं म्हून मी येले तहानलेलं ठेवलं. अन् तिकडे माहं लेकरू तहानलेलं गेलं. आता मी कोनालेच तहानलेलं नाही ठेवत, बापू."

असल्या दुःखाला औषध नसतं, हे त्या दिवशी मला कळलं. आता त्या घमेल्यात एक काडीही उरलेली नाही. मी जातो तेव्हा मामी मला आधी पाणी देते, मग घमेल्यात ओतायला रिकामा गडवा पुढे करते. मी तो बोरिंगवरून भरून आणून तिच्या हाती देतो.