नेल्फाचा रविवार

आमच्या गावी, सांता एलेनात, कुणालाही विचारा, नेल्फा किमीने अख्खा युरोप पालथा घातलाय असं छातीठोकपणे सांगतील. व्हेनिस म्हणू नका, बार्सिलोना म्हणू नका, लूर्द म्हणू नका. फोटो आहेत ना! लाल टोपी, काळा चष्मा, हातात आइस्क्रीम आणि मागे कुठलंतरी कारंजं. फोटो खरेच आहेत, मी स्वतः काढलेत त्यातले निम्मे. फक्त ते सगळे रविवारचे आहेत. सोमवार ते शनिवार नेल्फाचा फोटो कुणी काढत नाही.

आम्ही इटलीत, जेनोव्हात, म्हातारी माणसं सांभाळतो. इक्वेडोरच्या आमच्या किनाऱ्यावरून आलेल्या बहुतेक बायका हेच करतात. राहायचं त्यांच्याच घरी, झोपायचं त्यांच्याच खोलीत, त्यांनी कूस बदलली की आपले डोळे उघडायचे. मोकळीक गुरुवारी दुपारी आणि रविवारी. गुरुवारची दुपार केस रंगवण्यात आणि घरी फोन करण्यात जाते. रविवारचं मात्र पूर्वी मोठं संकट असायचं, कारण सुट्टी असायची, पण सुट्टीत जायला घर नसायचं. मग स्टेशनसमोरच्या बाकांवर आम्ही रांगेने बसून राहायचो, थंडीतसुद्धा. एकदा नेल्फा उठली आणि म्हणाली, "बसायचंच आहे तर गाडीत बसू. निदान ती हलते तरी!"

तेव्हापासून दर महिन्याला तिची बस निघते. कधी नीस, कधी लुगानो, मोठी सुट्टी जोडून आली तर स्पेनपर्यंत. सामानाच्या कप्प्यात पातेली असतात. कोंबडीचा रस्सा, भात, कच्च्या केळ्यांचे तळलेले गोळे. जगातलं कितीही सुंदर शहर असो, आम्ही त्याच्या पार्किंगमध्ये उभं राहून जेवतो. नेल्फाचे कायदे दोनच. कामाच्या कपड्यात फोटो काढायचा नाही, आणि बसमध्ये आपापल्या म्हाताऱ्यांचं नाव काढायचं नाही. काढलं तर माइकवर गाणं म्हणायचं. माझं गाणं ऐकून इव्हानो ड्रायव्हरने एकदा गाडी बाजूला घेतली होती. ते कौतुकाने, असं मी धरून चालते.

नेल्फा निघाली तेव्हा तिची दामारिस सात वर्षांची होती. तिला आजीकडे ठेवून आली. मधल्या काळात दोनदा जाऊन आली, ती पाहुण्यासारखी. आता दामारिस बँकेत नोकरी करते, नखं रंगवते, आणि यंदा व्हिसा काढून तीन आठवड्यांसाठी आईला भेटायला आली. उतरली माझ्याकडे, जेनोव्हातल्याच साम्पिएरदारेनात, कारण मी आता फक्त दिवसाचं काम करते आणि भाड्याने राहते, नेल्फाला स्वतःचं घरच नाही. आईची आणि लेकीची गाठ पडणार ती गुरुवारच्या दुपारी आणि रविवारी. पहिल्या रविवारी पोरगी प्रवासाचा शीण म्हणून पांघरूण घेऊन पडली. दुसऱ्या रविवारी तिचं डोकं दुखलं. नेल्फा दोन्ही दिवस माझ्या स्वयंपाकघरात ताट झाकून बसून राहिली. मला त्या पोरीचा असा राग आला होता!

उरला एकच रविवार.

"जाणार ना गं या खेपेला?" मी विचारलं.

"कुठे?"

"तू म्हणशील तिथे, म्हणते तुझी आई. बस तुझ्यासाठी ठरवलीय तिने."

दामारिसने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "पांढऱ्या मोरांचं बेट आहे ना, तिथे. त्या फोटोत फार खुशीत दिसते ती. बघू तरी, माझ्यापेक्षा असं काय जास्त होतं त्या मोरांत."

"जीभ आहे की विळी?"

"आईकडून आली असेल, मावशी. बाकी काही नाही, तेवढं तरी आलं."

मी भांडी जोरजोरात घासली, दुसरं काय करणार? पाहुणी होती.

शनिवारी संध्याकाळी नेल्फाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. ती सांभाळते त्या म्हातारीजवळ, सिन्योरा बोत्सानोजवळ, रविवारी बसायला पेरू देशातली एक बाई येते. ती जिन्यावरून घसरली होती आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. दुसरं कुणी मिळत नव्हतं. सिन्योराचा मुलगा बायकोला घेऊन सुट्टीसाठी प्रागला गेलेला.

"त्याला फोन केलास?"

"केला. म्हणतो, आईला घेऊन जा ना बरोबर, तेवढाच हवापालट. ब्लँकेट विसरू नकोस म्हणाला." मग म्हणाली, "ग्लेंडा, मी उद्या आले नाही तर पोरगी म्हणेल, बघा, परत नाहीच आली."

"मग आण म्हातारीला!"

"बसमध्ये? बायका फाडून खातील मला."

"बायकांना मी बघते," मी म्हटलं.

सकाळी व्हीलचेअर बसपाशी आली आणि आत एकदम गलका झाला. नव्वदीची सिन्योरा, डोक्याला लोकरीचा रुमाल, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली, जणू चर्चला निघालीय.

"नेल्फाबाई, हे काय? सुट्टीच्या दिवशी ऑफिस बरोबर आणलंत?"

"कायदा कुणी केला होता गं? गाणं म्हणायला लावा हिलाच!"

"आधी कळलं असतं तर माझा म्हातारा पण आणला असता. जोडी जमली असती!"

मी उठून दोघीतिघींना झापलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सिन्योराच्या ठसक्याचा. गाडी बोगद्यातून बाहेर पडली, तिला ठसका लागला आणि हसणाऱ्या सगळ्या एका झटक्यात उभ्या राहिल्या.

"सरळ बसवा, सरळ!"

"मान पुढे घे, मागे नको!"

"नुसतं पाणी देऊ नकोस, आधी पावडर घालून घट्ट कर ते!"

एका ठसक्याला अख्खी बस डॉक्टर झाली. कुणी पाठ चोळतंय, कुणी तोंड पुसतंय, कुणी रुमालाची गाठ सैल करतंय. इव्हानो पुढून ओरडला, "माझीही कंबर धरलीय, इकडे कुणाचं लक्ष आहे का?" त्यानंतर म्हातारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दामारिस तेवढी खिडकीशी बसली होती, कानांत गाणी घालून. शेजारची जागा नेल्फाने आपल्यासाठी राखलेली होती, पण सिन्योरा नेल्फाचा हात सोडेना. नेल्फा मधल्या वाटेपलीकडे बसून लेकीच्या पाठमोऱ्या केसांकडे बघत राहिली.

स्त्रेझाला तळ्याकाठी उतरलो. बेटाची बोट लागलेलीच होती. बायका धक्क्यावर पळाल्या, आणि नेमक्या त्या वेळी नेल्फाने नाक वर करून वास घेतला. आम्हाला तो वास बरोब्बर कळतो.

"ग्लेंडा, तू पोरीला घेऊन बोटीत बस," ती हळूच म्हणाली. "मी हिला आवरून पुढच्या बोटीने येते."

"मी नाही जात," दामारिस म्हणाली. "मला ठाऊक होतंच असं काहीतरी होणार."

धक्क्यामागच्या संडासाचं दार लागत नव्हतं. मी ते पाठीने धरून उभी राहिले. आतून नेल्फाची हाक आली, "पिशवी दे गं!" पिशवी व्हीलचेअरला लटकवलेली होती आणि व्हीलचेअर दामारिसजवळ. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडलं नाही, फक्त आत जाण्याइतकं उघडून हाताने धरलं. मग ती पिशवी घेऊन आत गेली.

सिन्योरा रडत होती. तिला बाकी काही आठवत नाही, पण लाज अजून शाबूत आहे. नेल्फाने आपला गुडघा तिच्या दोन गुडघ्यांमध्ये घातला, एक हात पाठीमागून घेतला आणि तिला अलगद उभं केलं. दुसऱ्या हाताने पुसलं, धुतलं, कोरडं केलं. लेकीने पुढे केलेला लंगोट न बघताच घेतला. आणि सगळा वेळ बोलत होती, आमच्या भाषेत, सिन्योराला न येणाऱ्या.

"झालं हं, माझी राणी. झालं. कुणी नाही पाहिलं. राणी आता स्वच्छ झाली."

सिन्योराने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं. "मम्मा, घरी जाऊ या."

"जाऊ हं. मम्मा आहे ना इथे."

दामारिसच्या हातातली पिशवी खाली पडली. ती माझ्या हाताखालून वाकून बाहेर निघून गेली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ती तळ्याकडे तोंड करून बाकावर बसली होती. बोट केव्हाच सुटली होती. नेल्फाने व्हीलचेअरचा ब्रेक लावला, सिन्योराच्या पायांवर ब्लँकेट सारखं केलं, मग लेकीशेजारी जाऊन बसली. मी हलले नाही. मला ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू?

"राणी मला म्हणायचीस तू," दामारिस म्हणाली.

तळ्यावरची नजर न काढता ती पुढे बोलत राहिली.

"मला कांजिण्या आल्या होत्या. अंगाची आग होत होती. मी आजीला म्हटलं, आईला फोन लाव. आजी म्हणाली, आई कामात आहे. आणि संध्याकाळी तुझा फोटो आला. मोरांबरोबरचा, मागे राजवाडा. शाळेत सगळ्यांना सांगत फिरायची मी, माझी आई राजवाड्यात राहते म्हणून. मग मोठी झाले आणि कळलं, तुला तिथे मजा वाटते म्हणून तू येत नाहीस."

"मजा!" नेल्फा म्हणाली. "त्या रविवारी पहाटेच आधीच्या घरचे आजोबा गेले होते. मीच त्यांना आंघोळ घातली, कोट चढवला, आणि त्यांच्या मुलीने मला लगेच सामान उचलायला सांगितलं. बस उभी होती म्हणून बसले. कुठे जाणार होते मी?"

"फोटोत तर हसत होतीस."

"तुझ्यासाठी हसत होते. काय पाठवायला हवं होतं मी तुला? भरलेल्या भांड्याचा फोटो?"

"हो!" दामारिस इतकी जोरात ओरडली की सिन्योराने दचकून मान वळवली. "तोच पाठवायला हवा होतास. मला वाटलं असतं, माझी आई अडकलीय. मी वाट बघितली असती तुझी. मी वाट बघणंच सोडून दिलं गं."

मी स्वतः दर ख्रिसमसला माझ्या भावाला बर्फातला फोटो पाठवते. आम्हा सगळ्यांची हीच चूक. घरच्यांना काळजी नको म्हणून आम्ही आमचे कष्ट लपवले, आणि घरच्यांनी आम्हाला सुखात धरून आमच्यावरची माया हळूहळू काढून घेतली. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

आम्ही बेटावर गेलोच नाही. भात थंडच खाल्ला. दामारिसने फारसं खाल्लं नाही, पण सिन्योरा चमचा सांडायला लागली तेव्हा तिने तो काढून घेतला आणि दोन घास भरवले. वेडेवाकडेच भरवले. नेल्फाने पाहिलं आणि सुधारायला गेली नाही.

परतताना बायका मोरांचे फोटो एकमेकींना दाखवत होत्या. त्यांनी नेल्फाला काही विचारलं नाही. आमच्या बायका तोंडाळ आहेत, पण आंधळ्या नाहीत. सिन्योरा नेल्फाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. गाडी हमरस्त्याला लागली, तसा दामारिसने कानांतल्या तारा काढल्या आणि उठून माझ्याजवळ आली.

"मावशी, तू जरा तिकडे बसशील? मला आईजवळ बसायचंय."

सिन्योराच्या बोटांतून नेल्फाचा हात सोडवला, एकेक बोट करून, आणि तिथे माझा हात दिला. नेल्फा उठली. ती खिडकीशी जाऊन बसली, आणि ती बँकेतली, रंगवलेल्या नखांची बाई सीटवर पाय दुमडून आईच्या मांडीवर आडवी झाली. सात वर्षांची पोर मावली असती तेवढ्या जागेत. नेल्फा तिच्या केसांतून हात फिरवायला लागली. आधी घाबरत, मग सवयीने.

थोड्या वेळाने सिन्योराने माझा हात चाचपून पाहिला. तिला तो पटला नाही. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात दूर सारला.

"मम्मा कुठे गेली?"

पलीकडे नेल्फाने ते ऐकलं. तिची मान वळायला लागलेली मला दिसली. मी तिला खुणेने बसून राहा म्हटलं, आणि सिन्योराचा रुमाल सारखा केला.

"मम्मा तिच्या मुलीपाशी आहे, सिन्योरा," मी म्हटलं. "आज तिची सुट्टी आहे."