रिकाम्या स्टुलाचा फोटो

पुण्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळची होती, पण बाबांनी मला दुपारीच दुकानात बोलावून घेतलं. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाबांचा फोटो स्टुडिओ होता. एकच खोली, मागे तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा, त्यापुढे चौकोनी लाकडी स्टूल आणि आरशापाशी साऱ्या गावाचा मिळून एक कंगवा. गाव सोडून जाणाऱ्याला त्या स्टुलावर बसवायचं आणि फोटो काढून घ्यायचा, ही बाबांची पद्धत. त्या दिवशी माझा नंबर होता. "हालू नको. श्वास घे," एवढंच ते म्हणाले. फोटो झाला तोच रिक्षा आली म्हणून बाहेरून आईनं हाक मारली, मी घाईनं उठले आणि रिक्षात बसले. बाबा स्टँडवर आले नाहीत. गिऱ्हाईक येणार आहे म्हणाले. मला राग आला तो अकोला मागे पडेपर्यंत टिकला.

पुण्यात सदाशिव पेठेत एका काकूंकडे कॉट मिळाली. पहिल्याच आठवड्यात फोनवर मी "जेवण करून राहिली" म्हणाले, तर काकू दारातूनच म्हणाल्या, "राहताय ते भाडं देऊन. जेवण नुसतं करा." आता हसू येतं, तेव्हा मी तोंडात ओढणी कोंबून रडले होते. पहाटे कंपनीची बस, हिंजवडी, बिल्ड, बग, रिलीज, परत येताना वाकडचं ट्रॅफिक. वर्षभरात माझी भाषा सरळ झाली. घरी फोन केला की बाबा विचारायचे, "हे कोण बोलून राहिलं?"

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला आमचे पगार दिसले. आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हाला ठाऊक आहे की पगार हातात पडतो आणि माणूस कुठेतरी दुसरीकडेच अडकलेला असतो. माझ्या टीममध्ये तर निम्मे लोक कॅमेऱ्यात अडकले होते. हौसेला मोल नाही म्हणतात, पण त्यांच्या लेन्सांना भरपूर होतं, आणि घरून बोलणीही भरपूर बसत होती. निखिल नावाचा सहकारी खरोखर चांगले फोटो काढायचा. एकदा तो म्हणाला, "यातून थोडे पैसे जरी सुटले ना, तर बायको कॅमेऱ्याला सवत म्हणायची थांबेल."

म्हणून बिबवेवाडीला फ्लॅट घेतल्यावर मी हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. फोटो कसा काढावा ते शिकवणारे पुण्यात गल्लोगल्ली होते. नोकरी न सोडता तो विकावा कसा, हे मी सांगायचे. नेटवर फोटो विकणाऱ्या साइट होत्या. एकच फोटो तिथून कोणीही, कितीही वेळा विकत घेऊ शके. जाहिरातीची अक्षरं बसतील एवढी मोकळी जागा चित्रात ठेवा. चेहरा दिसत असेल तर त्या माणसाची सही घ्या. शोधणारा कोणते शब्द टाइप करील ते ओळखा आणि फोटोला जोडा. दुकानदाराची मुलगी मी, मला ते जमायचं.

तिकडे बाबांचं दुकान मात्र बसत चाललं होतं. गावात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. मी पैसे पाठवले की ते परत यायचे. पुण्याला या म्हटलं की म्हणायचे, "मी तिथं काय कराचं? तुह्या गॅलरीतली झाडं पाहात बसाचं?" मला त्यांना पोसायचं नव्हतं. त्यांच्या हातानं काढलेल्या फोटोवर त्यांची कमाई व्हावी, त्यांनी दुकानाचं शटर आणखी काही वर्षं ताठ मानेनं उघडावं, एवढंच मला हवं होतं. खूप विनवल्यावर त्यांनी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर एक पाकीट पाठवलं.

उघडलं आणि मी वैतागले. जयंतीच्या मिरवणुकीतले चेहरे, हळदीनं माखलेल्या नवऱ्या, बाजारातल्या म्हाताऱ्या, मला पाठ असलेलं त्यातलं काहीच नव्हतं. उठलेला बाजार होता, भिंतीला टेकलेली सायकल होती, रिकामं स्टूल होतं. "बाबा, माणसं कुठे आहेत?" मी फोनवर विचारलं.

"माणसं इकडंच आहेत. त्याईले कायले पाठवू?"

मला समजायला हवं होतं. आमच्याकडे स्थळाला दाखवायला मुलीचा फोटो काढत, आणि लग्न ठरलं की बाबा त्याची निगेटिव्ह स्वतः मुलीच्या घरी नेऊन देत. "पोरीचा चेहरा आपल्या दुकानात कायले ठेवाचा," म्हणत. ज्यानं निगेटिव्हसुद्धा दुकानात ठेवली नाही, तो चेहरे बाजारात कसे पाठवणार?

मी आहे ते स्कॅन करून साइटवर चढवलं. स्टुलाचा फोटो सुंदरच होता. दारातून आलेलं ऊन, मागे खोटं तळं, आणि स्टूल किंचित तिरकं. "बघा, सरळ ठेवलं असतं तर हा नुसता फर्निचरचा फोटो झाला असता," असं मी वर्गात शिकवायचे. त्याला मी शब्द जोडले: रिकामं, एकटेपणा, वाट पाहणे, म्हातारपण. बाबांचे बाकीचे फोटो पडून राहिले, हा खपतच राहिला. एकदा स्वारगेटच्या होर्डिंगवर निवृत्तांसाठीच्या घरांच्या जाहिरातीत तो दिसला. मी तिथूनच बाबांना फोन केला. ते म्हणाले, "कोणी बसलं का त्याच्यावर?" मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले.

ती कमाई त्यांनी परत पाठवली नाही. शटर उघडत राहिलं. आणि एका थंडीत, दुकान बंद करून घरी आल्यावर, बाबा गेले.

दुकान रिकामं करून द्यायचं होतं. तिथे आता मोबाइल दुरुस्ती होते. आवरताना एका पाकिटावर माझं नाव दिसलं. आत निगेटिव्हची पट्टी होती. उजेडात धरली. एका चौकटीत मी, मान ताठ, श्वास रोखलेला. त्याच्या पुढच्याच चौकटीत स्टूल, मी घाईनं उठताना ढकललं गेलं तसं तिरकं. त्यापुढे काही नाही, उरलेली पट्टी कोरी. एरवी बाबा फिल्मची एकही चौकट वाया घालवत नसत.

मी आईला विचारलं, त्या दिवशी गिऱ्हाईक कोण आलं होतं.

"कोणतं गिऱ्हाईक? कोणीच आलं नाही. तुही बस गेली, मी बोलवाले गेली तर हे तिथंच उभे. जेवले बी नाही त्या दिवशी."

स्टुलाच्या फोटोत चेहरा नाही, मग विकायला काय हरकत, अशी समजूत त्यांनी स्वतःची घातली असेल. चेहरा होता. माझाच होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते स्टूल तसं तिरकं कोणी ठेवलेलंच नव्हतं, आणि मी ते वर्षभर वर्गाला शिकवत होते. या गोष्टीचं मला फार रडू आलं, अजून येतं.

पुण्याला आल्यावर मी तो फोटो विक्रीतून काढला. निखिल म्हणाला, "अगं, तुझा बेस्टसेलर आहे तो. काढतेस कशाला?" मी म्हटलं, "निगेटिव्ह परत करायची राहिली होती." आधी विकले गेलेले फोटो परत येत नाहीत, हे मीच सगळ्यांना शिकवलं आहे. ते कुठे कुठे लागले असतील, लागोत.

स्टूल मी सोबत आणलं. ते बिबवेवाडीच्या हॉलमध्ये असतं, वर्गाच्या दिवशी उशिरा येणारा त्याच्यावर बसतो. गावी गेले तर आई आहे, नातलग आहेत, पण घर म्हटलं की मला आता ते गाव दिसत नाही आणि हा फ्लॅटही दिसत नाही. दोन चौकटींची ती पट्टी दिसते. एकीत मी बसलेली आहे. दुसरीत बाबा, मी उठून गेले तिथे बघत उभे आहेत.