मिस्ड कॉलवरची मोटार

कष्ट या गोष्टीचा माझ्या अर्धापूरच्या मामाइतका मनापासून तिटकारा असलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि तरीही अख्ख्या भावकीत केळीचे सगळ्यांत भरदार घड लागतात ते त्याच्याच मळ्यात. बाकीचे भाऊ दिवसभर उन्हात करपत असतात आणि मामा शेडमधल्या बाजेवर पडून असतो. कुणी टोकलं तर म्हणतो, "अंग मोडून काम करनाऱ्याला डोकं नसतं, म्हनून तर त्याचं अंग मोडतं." ऐकायला हे छान वाटतं. पण मी नांदेडात कारकुनी करणारा, मुळातला घाबरट माणूस. मागून हॉर्न वाजला तरी माझ्या छातीत धडधडतं. आयुष्यात मी जितका भ्यालो, त्यातला निम्मा भाग तरी मामाच्या मळ्यात भ्यालो असेन.

सुरुवात फाटकापासूनच होते. फाटक लावायला मागे वळावं लागतं, म्हणून मामानं त्याला दोरी बांधून पलीकडे भलामोठा धोंडा लटकवला आहे. फाटक आपोआप बंद होतं, पण आत शिरणाऱ्यानं वेळेवर पाऊल उचललं नाही तर टाचेसकट बंद होतं. मी आजही डोक्यावर हात धरून पळतच आत शिरतो. मग वानरांचा बंदोबस्त. मळ्याच्या चारी कोपऱ्यांत पत्र्याचे डबे टांगलेले, त्यांच्या दोऱ्या शेडमध्ये आणलेल्या आणि सगळ्यांचं टोक मामाच्या पायाच्या अंगठ्याला. मामा दुपारी झोपला की झोपेतच पाय हलवतो, डबे खणखणतात आणि वानरं पळतात. झोपेतही शेतीची राखण करणारा शेतकरी मी दुसरा पाहिलेला नाही. मात्र एकदा वानरांनीच दोरी ओढली. मामा बाजेवरून खाली आला आणि मी ओसरीवरून थेट मामीच्या चुलीपर्यंत पळालो.

सगळ्यांत जीवघेणी ती तार. घड डोक्यावर वाहून न्यायला नकोत म्हणून मामानं मळ्यापासून सडकेपर्यंत उताराची तार ताणली आहे. आकड्याला घड अडकवायचा आणि ढकलून द्यायचा. एके दिवशी सडकेकडच्या घरातून मामी जेवायला बोलावत होती आणि मामाला चालायचा कंटाळा आला. त्यानं आकड्याला स्वतःलाच अडकवलं. धोतर फडफडवत माझ्या डोक्यावरून गेलेला मामा मला अजून स्वप्नात दिसतो. मामीनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती भाकरी थापत म्हणाली, "उतरताना घड खाली पडतेत, तसंच पडतेत हे बी." आणि तसंच झालं.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. मामाचे जे कष्ट वाचायचे, ते हवेत विरून जायचे नाहीत. धोंड्याची झिजलेली दोरी मामी बदलायची. तुटलेले डबे मामी टांगायची. मामा डोकं चालवायचा आणि मामी हातपाय.

तीनेक उन्हाळ्यांपूर्वी मामानं विहिरीतल्या पाणबुडी मोटारीला फोन बसवला. स्टार्टरला सिमकार्ड; एक मिस्ड कॉल दिला की मोटार चालू, दुसरा दिला की बंद. मामाचा आनंद पोटात मावेना. तो दशक्रियेला बसून मोटार चालू करायचा, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना बंद करायचा. मला मात्र विहिरीत लोंबणाऱ्या त्या वायरमधून पाण्यात करंट उतरेल अशी धास्ती होती. तिचा जोड मामानं चिकटपट्टी गुंडाळून भागवला होता. मी एकदा तसं म्हणालो, तर मामानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात नांदेडला भावकीतलं लग्न होतं. झाडून सगळे आलेले, मामी तेवढी मळ्यावर थांबलेली. दुपारी बाराला शेतीची लाइट येते. मामानं पंगतीत बसल्या बसल्या खिशातून फोन काढला, मिस्ड कॉल दिला आणि शेजारच्याला ऐटीत सांगितलं, "मी हितं जेवून राहिलो, तिकडं केळी पानी पिऊन राहिली."

पुढच्याच घासाला त्याचा हात थांबला. माझ्या मनगटाला धरून तो हळूच म्हणाला, "भाच्या, तुझी मामी आज इहिरीत उतरनार व्हती."

मोटारीची जाळी शेवाळानं भरली होती. महिनाभर ती साफ करायची मामानं टाळली होती. शेवटी सकाळी मामी म्हणाली होती की मीच उतरते, आणि मामा फेटा बांधता बांधता 'हाव' म्हणाला होता. ते त्याला आत्ता आठवलं.

त्यानं घाईघाईनं दुसरा कॉल दिला. आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. पहिला कॉल लागला असेल तर आता मोटार बंद झाली. पण पहिला लागलाच नसेल, तर या दुसऱ्यानं ती चालू झाली. मामानं फोन निखारा धरावा तसा माझ्या हातात टाकला. मी मामीला फोन लावत राहिलो. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मळ्याशेजारचं एकूण एक माणूस आमच्या पंगतीत जेवत होतं.

मी मोटारसायकल कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. मागे बसलेला मामा माझा खांदा पुढे ढकलत होता, जणू तेवढ्यानं गाडी जोरात पळेल. मामी पाण्यावर तरंगताना मला दिसत होती. मी डोळे मिटू शकत नव्हतो, कारण गाडी मीच चालवत होतो. मळ्याशी आलो आणि जन्मात कधी भराभर न चाललेला मामा फाटक ढकलून केळीतून अनवाणी पळाला. विहिरीच्या काठावर पालथा पडून त्यानं हाक मारली, "शेवंता!"

मामीचं नाव मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

खालून जराशानं आवाज आला, "काय झालं? लगीन लागलं का न्हाई?"

मामी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शेवाळ ओढत होती. तिचा फोन बाजेवर पडलेला. उतरण्याआधी तिनं मोटारीच्या विजेच्या पेटीतले फ्यूज उपसून पदरात बांधले होते. वर आल्यावर तिनं ती गाठ सोडून मामाला दाखवली. "तुमी आठवनीत ठेवताल, असं धरून मी कधीच खाली उतरत न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मामाला ते फार लागलं असावं. तो काठावरच बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, पण मी तसा कशानंही रडतो.

ते यंत्र अजून स्टार्टरवर आहे. मामा अजूनही फोनवरूनच मोटार चालू करतो, फक्त आता बाजेवरून नाही. गुडघे धरत, थांबत थांबत तो विहिरीपर्यंत चालत जातो, काठावर वाकतो आणि खाली हाक मारतो. परवा मी गेलो तेव्हा मामी माझ्यासमोर ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला तिथं बसलेलं पाहूनच मामा उठला होता. तरी विहिरीकडून हाक आली, "शेवंता!"

"हाय, हाय. हितंच हाय," मामी इथूनच ओरडली.

मोटार सुरू झाली नाही. मामानं पुन्हा हाक मारली. तेव्हा मामीनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि त्याला दिसेल अशी काठाशी जाऊन उभी राहिली.