कॅरिअरवरची उशी

पाच दिवसांच्या त्या सायकल सहलीत सगळ्यांच्या सायकली हाडकुळ्या, मावशींची तेवढी बाळसेदार. पुढे टोपली, मागे लोखंडी कॅरिअर. शिलाईच्या दुकानासाठी कापडाचे तागे वाहून ती मालकिणीसारखीच खमकी झालेली. सहलीचे म्होरके दातांचे डॉक्टर. उपटायची त्यांना सवयच. "मावशी, ते कॅरिअर काढून टाका. वजन कमी होईल."

"वजनच कमी करायचं तर मीच घरी राहते की!"

मावशींचा उभा जन्म शिलाईच्या पायमशीनवर गेला. "इतकी वर्षं पाय मारले, पण जागची इंचभर हलले नाही," या एका चिडीपोटी त्या पन्नाशीनंतर सायकल शिकल्या. शिकताना शेजाऱ्यांचं कुंपण इतक्यांदा आडवं केलं, की त्यांनी कंटाळून तिथे फाटकच बसवलं.

मावशींचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, सामानाचा टेम्पो घेऊन शेवटी असत. जो दमेल त्याला उचलायचं. पहिले दोन दिवस शेवटच्या चढाला मावशीच उचलल्या गेल्या. आज सगळ्यांत लांबचा पल्ला आणि मध्ये घाट. "आज जीव गेला तरी टेम्पोत बसणार नाही," असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं. काकांनी मान डोलावली आणि शेजारच्या सीटवर हळूच उशी मांडली.

घाटात मंडळी पुढे निघून गेली. मावशींच्या मागे टेम्पो, पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईच्या चालीने.

"अगं, दमलीस ना?"

"नाही!"

"तोंड बघ कसं लालबुंद झालंय."

"रस्त्याकडे बघा. मला बघायला आलात, तोंड बघायचं तेव्हा मान खाली घालून बसला होतात!"

"उशी मऊ आहे गं."

"मीच शिवलीय. मला नका सांगू! आणि तुम्ही पुढे व्हा बघू."

"आणि तू पडलीस तर?" काका काही हलले नाहीत.

एका वळणावर मात्र मावशींनी पाय टेकले. मांड्यांचा भुगा झाला होता. त्यांनी उशीकडे पाहिलं. काकांनी लगबगीने दार उघडलं, आणि तिथेच चुकलं.

"लावा ते दार!" मावशी कडाडल्या आणि पुन्हा पॅडलवर उभ्या राहिल्या.

घाटमाथा आला. मागची घरघर थांबली म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर टेम्पोच्या नाकातोंडातून वाफ! पहिल्या गिअरमध्ये चढून चढून बिचारा उकळला होता. फोन केल्यावर खालचा गॅरेजवाला आला, बॉनेट उघडून बसला. "थंड झाला की मीच खाली आणतो. तुम्ही व्हा पुढे."

"कशाने?" काकांनी विचारलं.

मावशींनी कॅरिअर थोपटलं. "बसा."

"लोक काय म्हणतील?"

"दमलेला माणूस उचलला म्हणतील."

काकांनी मुकाट्याने उशी आणली. मावशींनी ती कापडाच्या पट्टीने कॅरिअरला बांधली, आणि पुढे सगळा उतार! वारा कानात शिरला, मावशी घंटी वाजवत सुटल्या.

"अगं, ब्रेक! ब्रेक लाव!"

"दमलात का हो?"

"नाही!" काका ओरडले, आणि दोघंही खो खो हसत सुटली.

मुक्कामाच्या शाळेच्या फाटकात सगळी मंडळी वाट बघत होती. डॉक्टरांनी आधी कॅरिअर पाहिलं, मग त्यावरचे काका, आणि चक्क स्वतःचे कान पकडले. टाळ्यांनी आवार दणाणलं.

"आले बरं का मी, पायांनी!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "उतरा आता."

काका उशीवर नीट सावरून बसले.

"थांब गं. मैदानाला एक फेरी मार ना!"