नील बेटावरचे गुलाबी जोडे

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. माझ्या मुलीला नाही, आणि जिला पहिल्यांदा कळायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. चौदा वर्षं झाली. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ही एक गोष्ट गाळूनच बोलत आले. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आमचं घर बाभुळगावचं. कपाशी, सोयाबीन, तूर. नवरा शेती पाहतो, धाकटा दीर सरकारी नोकरीत, यवतमाळला राहतो. त्याची बायको मीना, माझी जाऊ. तिला मूलबाळ झालं नाही. मला एकच मुलगी, रेणू. दिराला नोकरीत प्रवासाची सवलत मिळायची, आणि एका वर्षी त्यानं हट्टच धरला — एप्रिलमध्ये शेतं रिकामी असतात, दादा-वहिनीनंही अंदमानला यायचं. रेणू तेव्हा नऊ वर्षांची होती.

ती पहिली सहल! खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस. आमच्याकडे बाहेर पाय ठेवला तर चटका बसेल असं ऊन, आणि तिथे ते पाणी — हिरवं, मग निळं, मग त्याहून निळं. नवरा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात उभा राहिला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि गंभीरपणे म्हणाला की हे आपल्या शेतातल्या पऱ्हाटीला चालणार नाही. आम्ही हसून हसून वाळूत बसलो. रोज शहाळी. काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहिले. रेणू रात्री झोपेतसुद्धा माशांचे रंग मोजायची.

पण त्या आठ दिवसांचे फोटो पाहिले की मला काय दिसतं, माहीत आहे? रेणू आणि मीना. रेणू मीनाच्या खांद्यावर. रेणू मीनाचा हात धरून लाटेत. मीनाचं माहेर पैनगंगेच्या काठचं, ती लहानपणापासून पोहणारी. मी पडले कोरड्या मुलखातली, मला होडीत पाय ठेवला की उलट्या. एका फोटोत मी आहे — कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून. त्या उलट्यांत माझी साडी कुणी धुतली? मीनानंच. लिंबू कापून कुणी हातात दिलं? तिनंच. तिचं वाईट वागणं शोधायला गेले तर मला आजही सापडत नाही. आणि त्याचाच राग येतो.

घरी आल्यावर रेणूच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं. काकूनं मला तरंगायला शिकवलं, काकूला शंखांची नावं येतात, काकू घाबरत नाही. मी पोळ्या लाटत ऐकायची. पोरगी माझी, नऊ महिने पोटात मी वाढवली, तिच्या तापात मी जागले — आणि तिच्या आठवणी मात्र दुसरीच्या. असं कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी मीनानं नागपूरहून रेणूसाठी पाण्यात घालायचे रबराचे जोडे आणले होते. गुलाबी. तळ जाड, वरून जाळी. रेणू ते घालून घरभर फिरली, झोपतानासुद्धा काढेना. मी तिला दिवाळीला सँडल घेतले होते, ते खोक्यातच पडून होते. हे सांगताना हसू येतं — पण तेव्हा नव्हतं आलं.

तिसऱ्या दिवशी नील बेटावर जायचं होतं. बोटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी रेणूची हनुवटी धरली आणि मीनाकडे पाहून म्हणाल्या, “बेटी बिलकुल माँ पे गई है.” मीना हसली. काही बोलली नाही. बोटीच्या इंजिनाचा आवाज होता, नवरा शेजारी घोरत होता, मी समोरच होते, हातात उलटीची पिशवी धरून. ‘आई ती समोर बसलीय’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तिनं ते म्हटलं नाही. तिला तो एक क्षण ठेवून घ्यावासा वाटला असेल. आज मला ते कळतं. तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच तर मी पेटले.

जेटीवर उतरलो. पुरुष गाडी बघायला गेले. मीना रेणूला घेऊन बाथरूमला गेली आणि जाताना टॉवेलांची पिशवी माझ्याजवळ ठेवून गेली. पिशवीत वरच ते गुलाबी जोडे होते.

मी ते काढले. बाकाच्या मागे भिंतीशी सरकवले. शेजारी कुणाचा तरी रिकामा खोका पडला होता, तो त्यांच्यावर ओढला. संपलं. मिनिटभराचंही काम नव्हतं.

मला रक्त हवं होतं का? नाही. मला फक्त ते जोडे नको होते. काकू विसरली म्हणून पोरीनं तिच्यावर रुसावं, थोडं रडावं आणि माझ्याजवळ यावं — एवढंच हवं होतं. एवढंच, म्हणते मी.

किनाऱ्यावर मीनानं पिशवी उलटी केली, टॉवेल झटकले, पुन्हा उलटी केली. तिचा चेहरा उतरला. जोड्यांशिवाय पाण्यात नेत नाही, म्हणाली. रेणू हट्टाला पेटली. आणि मग मी बोलले — मीच, दुसरं कुणी नाही — “जाऊ दे न तिले. पऱ्हाटीच्या धसकटातून अनवाणी पयते ते पोरगी, रेतीनं काय होते?” आमच्याकडे सगळे असंच म्हणाले असते. कापसाचं झाड तोडल्यावर जमिनीत जो टोकदार खुंट उरतो, त्यातून आमची पोरं चालतात. ज्या पायांना धसकट लागत नाही, त्यांना समुद्र काय करणार? त्या पाण्याखाली मेलेलं प्रवाळ असतं, त्याला सुरीसारख्या कडा असतात, हे आम्हाला काय माहीत. मीनाला मात्र थोडं माहीत होतं. तरी मोठ्या जावेचा शब्द तिनं मोडला नाही.

रेणू अनवाणीच पाण्यात गेली आणि प्रवाळावर तिचा पाय अंगठ्यापासून टाचेपर्यंत फाटला. मीनानं रेणूला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळत आणलं, तिची साडी रक्तानं भरली होती. टाके पडले, घरी आल्यावर पू झाला, पोरगी तीन महिने लंगडली. तिचा अंगठा आजही वाकत नाही. शाळेत ती धावण्यात पहिली यायची, ते तिथंच थांबलं.

दवाखान्यात मी बाकावर होते आणि मीना माझ्या पायाशी बसली होती. “ताई, मीच कुठंतरी इसरली असन. मले आठवूनच नाही राह्यलं.” ती रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आठवला की मला अजून माझीच किळस येते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठेला साडी थोरल्या सुनेनं नेसवायची, कनिष्ठेला धाकटीनं, आणि पुढ्यात जी दोन बाळं बसवतात त्यांना कपडे घालायचं काम माझ्या लग्नाच्याही आधीपासून ठरलेलं — धाकटीचं. लग्न झाल्यापासून मीना ते करत आली होती. बाळांची झबली ती घरी शिवून आणायची, दर वर्षी नवी. त्या वर्षीही आणली होती. तिनं बाळ हातात घेतलं, आणि सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “ते ठेव खाली. जिले लेकराचे जोडे सांभायता आले नाही, तिच्या हातानं नोको. थोरली घालंन.”

रेणू पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडे पाहू लागली. मीना खाली पाहत होती.

मी काय केलं? एक वाक्य बोलायचं होतं. मी उठले, मीनाच्या हातातून बाळ घेतलं आणि तिनंच शिवलेलं झबलं त्याला घातलं. आणि मला बरं वाटलं. सगळ्यांसमोर, देवीसमोर, कुणीतरी सांगितलं होतं की आई कोण आहे.

त्यानंतर मीनानं रेणूला कुठे नेलं नाही. वेणी घालायलासुद्धा आधी मला विचारायची. ती आणि दीर पुन्हा अंदमानला गेले नाहीत, कुठेच गेले नाहीत. सासूबाई वारल्या, तरी मीना बाळांना हात लावत नाही, आणि मीही कधी लाव म्हटलं नाही.

आता या वर्षाचं सांगते. रेणू पंचवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिनं मला सांगितलं की एप्रिलमध्ये आपण अंदमानला जायचं, आई — मी, तू आणि काकू, तिघीच. काकूला तिनं आधीच फोन केला होता. संध्याकाळी मीनाचा मला फोन आला. आवाजात इतका आनंद मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

“ताई, रेणू म्हणते मीबी यावं. येऊ का मी? तुम्ही म्हणान तसं.”

आता तिनं पन्नाशी ओलांडली आहे. तिला एवढंच हवं होतं — माझा हो. आणि मी म्हणाले, “तिनं तोंडदेखलं इचारलं असन, मीना. मायलेकीलेच जाऊ दे या वेळी.”

ती हो म्हणाली. लगेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं रेणूला कळवलं की गुडघे दुखतात, जमणार नाही. रेणूला फार लागलं. मला म्हणाली, “आई, काकूले मी काहून परकी झाली? माह्या पायाच्या वेळेपासूनच झाली न?” मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

आम्ही दोघीच गेलो. मी गोळ्या घेतल्या होत्या, एकदाही उलटी झाली नाही. रेणू माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं खूप फोटो काढले. सगळ्या फोटोंत तीच आणि मीच. मीनानं ते फोनवर पाहिले आणि लिहिलं, ‘छान दिसता ताई.’

त्या फोटोंत मी हसते आहे. अगदी मनापासून हसते आहे.